पाय घसरला म्हणे...

हे लिहू की नको, असं दोन-तीन महिने चाललं होतं. घरातली बरीच मंडळी इथे येऊन वाचतात, त्यातली काही वयाने मोठी आहेत. शिवाय आमच्याकडे काही गोष्टी माजघराच्या उंबऱ्याबाहेर काढायच्या नाहीत असा न सांगितलेला नियम आहे. शेवटी आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "लिही बापू. मी आता कितीक दिवसाची? नाव नोको टाकू तिचं, बाकी लिही." म्हणून लिहितोय. नाव टाकलेलं नाही.

झालं असं की माझ्या भाचीला मुलगी झाली. सहा आठवड्यांनी ती तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन वगैरे झाल्यावर तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, कारण नसताना स्वतःला दोष दिला का, उगाच भीती वाटली का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटलं का, आणि शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. घरी आल्यावर तिने ते सहज सांगितलं, आणि जेवणाच्या ताटावर चर्चा सुरू झाली. "हे काय नवीनच?" "बाळंतिणीला असलं काही विचारतात का?" "आमच्या वेळी नव्हतं बाई हे डिप्रेशन-बिप्रेशन."

आत्या भाकरी कुस्करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "होतं. नाव नोतं फक्त."

आणि मग तिने धाकट्या आजीची गोष्ट सांगितली. धाकटी आजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. मूर्तिजापूरच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही. मला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की ती तरुणपणी विहिरीत पडून गेली. पावसाळ्याचे दिवस, काठ ओला, पाय घसरला.

"तिचा पाय नोता घसरला," आत्या म्हणाली.

साल १९५७. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. धाकट्या आजीचं माहेर कारंजाकडचं. पहिल्या बाळंतपणाला ती शकुंतलेत बसून माहेरी गेली होती. पहिली मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला पेरणीचे दिवस होते, माहेरहून कोणी न्यायला आलं नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पुन्हा मुलगी. पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. आठव्या-नवव्या दिवसापासून ती झोपेनाशी झाली.

"तीन-तीन रात्री झोपे नाई. दिव्याकडं पाहत बसे. म्हने, हे लेकरू माह्यं नोहे, माह्यं कुठं नेलं ते सांगा. मंग एकदम हसे. मले भेव वाटे. माय म्हने, तिच्या खोलीत जाऊ नोको, तिले बाहेरचं झालं."

बाहेरचं झालं म्हणून जाणता बोलावला. मिरच्यांची धुरी दिली. लेकरू रडायचं, आणि आई त्याला जवळ घेईना, म्हणून शेजारच्या बुढीने मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवली. बाराव्या दिवशी बारसं झालं. बायका आत पाळणा म्हणत होत्या आणि पुरुष मागच्या गोठ्यात बसले होते, मोहाची बाटली घेऊन. मुलगी झाली म्हणून कोणी पीत नव्हतं आणि मुलगा झाला असता तर कोणी प्यायचं थांबलं नसतं. बारशाला बसायचीच पद्धत होती. विसाव्या दिवशी पहाटे धाकटी आजी विहिरीत सापडली. पोलीस पाटलाला सांगितलं, पाय घसरला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काही डॉक्टर नाही. पण वाचायची सवय आहे, आणि आपल्याच घराच्या मागच्या विहिरीचा इतिहास आपल्याला माहीत नव्हता याची लाजही वाटली. त्यानंतरच्या महिन्यांत जे वाचलं ते थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे नवीन नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात गर्भिणीने काय टाळावं याची एक मोठी यादी आहे. त्यात रोज मद्य पिणाऱ्या बाईबद्दल म्हटलंय की तिचं मूल सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं आणि चित्त स्थिर नसलेलं होतं. त्याच यादीत सतत शोकात असणारी बाईही आहे. तिचं मूल भित्रं, रोडावलेलं किंवा अल्पायुषी होतं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे दारू आणि दुःख या दोन्ही गोष्टी गर्भापर्यंत पोचतात, हे कोणाच्या तरी दोन हजार वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. आधुनिक वैद्यकात दारूचा हा परिणाम फ्रान्समधल्या नान्त गावच्या पॉल लमोआन यांनी १९६८ साली मांडला, आणि १९७३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. आपल्याकडे हा भाग पाठ असणारे वैद्य पुष्कळ होते. पण चरकाची यादी बाईने काय करू नये याची आहे. तिला शोक कोणामुळे होतो, हा प्रश्न त्या यादीत नाही.

दारूचा विषय निघाला की मूर्तिजापूरच्या माणसाला गाडगेबाबा आठवणारच. १९२५ साली बाबांनी आमच्या गावात गोरक्षण सुरू केलं, धर्मशाळा आणि शाळा बांधली. लहानपणी आम्हाला बाबा म्हणजे खराटा आणि डोक्यावरचं गाडगं एवढंच माहीत. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवातच दारूने झाली आहे. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला जन्म. वडील झिंगराजी परीट, घर बरं चाललेलं. पुढे दारूने सगळं घेतलं, आणि डेबू आठ वर्षांचाही नीट झाला नसेल तोच झिंगराजी वारले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. ते माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. भावाच्या घरी आश्रित म्हणून राहिलेली तरुण विधवा आणि तिचा पोरगा. डेबूने तिथे गुरं राखली, शेती केली.

पुढे १८९२ साली डेबूचं कुंताबाईंशी लग्न झालं आणि पहिली मुलगी झाली. तिच्या बारशाला जातगंगेला मटण आणि दारूचं जेवण घालायची रीत होती. डेबूने ती मोडली. गोडाचं जेवण घातलं, दारूचा थेंब आणला नाही. लोक रागावले. बारशाला पाजलं नाही म्हणजे काय, हा जातीचा अपमान होता. बाबांच्या चरित्रांत हा प्रसंग बहुतेक व्यसनमुक्तीचा पहिला धडा म्हणून येतो. मला आता तो वेगळाही दिसतो. बारसं हा बाळाचा आणि बाळंतिणीचा दिवस. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी शुद्धीवर असणं हीसुद्धा तिच्यासाठी मोठी गोष्ट होती. ज्या पोराने आपल्या आईला दारूपायी माहेरची आश्रित झालेलं पाहिलं, त्याने आपल्या बायकोच्या बाजेपाशी ती बाटली येऊ दिली नाही. आमच्या गोठ्यात बाटली उघडली तेव्हा त्या बारशाला साठएक वर्षं होऊन गेली होती आणि बाबांना जाऊन सात-आठ महिने. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. आमच्या घरातले तेच पुरुष बाबांच्या कीर्तनाला पुढच्या रांगेत बसलेले होते, असं आत्या सांगते. हे वाचून काकालोक रागावतील. रागावा, पण आठवूनही पाहा.

बाबांबद्दल एक गोष्ट मात्र मनात राहतेच. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागे कुंताबाई, लेकरं आणि म्हातारी सखुबाई. समाजाला एक मोठा माणूस मिळाला. त्याची किंमत दापुऱ्यातल्या एका घरातल्या दोन बायकांनी मोजली. मी बाबांना कमी लेखत नाही. फक्त हिशेब लिहिताना ही ओळ राहून जाऊ नये.

आता अफूकडे येतो, कारण आत्याने सांगितलेल्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त धक्का त्या मोहरीएवढ्या अफूचा बसला. त्यात चोरटं काहीच नव्हतं. १८७८ च्या अफू कायद्याखाली सरकारी परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. १८९३ साली इंग्लंडच्या राणीच्या सरकारने हिंदुस्थानातल्या अफूची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं, आणि १८९५ साली कमिशनने सांगितलं की बंदीची गरज नाही, इथले लोक अफू जशी घेतात ते साहेबाच्या दारूसारखंच आहे. लेकरांना अफू देण्याची चाल गावोगावी होती. खोकला, जुलाब, दात येणं, रडणं, सगळ्याला एकच औषध.

शहरात तिचं रूप आणखी भयंकर झालं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून करवून घेतली होती. १९२२ साली त्यांनी नोंदवलं की या कामगार बायकांच्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. 'बाळागोळी' या गोड नावाने ती मिळायची. आई सकाळी भोंगा झाला की कामावर जाणार, दहा-दहा तास. लेकरू चाळीतल्या खोलीत एखाद्या म्हातारीपाशी किंवा पाच वर्षांच्या बहिणीपाशी. ते झोपून राहिलं तरच सगळ्यांचं चालणार. अफूने लेकरू झोपतं, पण भुकेलाही उठत नाही. पीत नाही म्हणून वाढत नाही, त्याचं पोट बांधलं जातं, आणि मात्रा जरा जास्त झाली की श्वास मंदावतो. इकडे लेकरू पीत नाही म्हणून आईचं दूध आटतं. मग ते किरकिर करतं आणि पुन्हा गोळी.

या बायका निर्दय होत्या असं म्हणणं सोपं आहे. त्या काळच्या सुधारकांनी म्हटलंही. पण मूर्तिजापूरच्या जिनात सरकी-कापसाच्या धुळीत काम केलेल्या बायकांना मी लहानपणी पाहिलंय. लेकरू झाडाच्या झोळीत, एक डोळा रेच्यावर आणि एक झोळीवर. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, मध्य प्रांतात १९३० साली. ज्या बाईला बाळंत होऊन आठ-पंधरा दिवसांत कामावर उभं राहायचं होतं, तिच्या हातातली गोळी ही तिची सोय नव्हती, मालकाची सोय होती.

आणि आपल्याला हसू येईल पण साहेबाच्या घरातही हेच चाललं होतं. इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रेज् कॉर्डियल' नावाचं अफूमिश्रित सरबत गिरणीतल्या बायका पोरांना पाजत. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्सलोज् सूदिंग सिरप' विकलं जायचं, त्यात मॉर्फिन. बाटलीवर हसऱ्या आईचं आणि गुटगुटीत बाळाचं चित्र. १९०६ च्या कायद्याने बाटलीत काय आहे ते छापणं भाग पडलं तेव्हा कुठे लोकांना कळलं. आपल्या घराघरात पोचलेलं ग्राइप वॉटर १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. शेपूचं तेल, सोडा, साखर आणि साडेतीन टक्क्यांच्या वर अल्कोहोल अशी त्याची मूळ कृती. अल्कोहोल पुढे काढलं गेलं, पण किती पिढ्यांनी ते चमचा-चमचा प्यायलं असेल! आणि बाळंतिणीच्या फळीवर असणारं दशमूलारिष्ट? आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यात आपोआप मद्य तयार होतं, आणि तसं बाटलीवर लिहिलेलंही असतं. १९५५ साली औषधी द्रव्यांवरच्या अबकारीचा केंद्राचा कायदा आला, त्यातही या आपोआप तयार होणाऱ्या मद्याचा वेगळा विचार करावा लागला. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घेणारी बाळंतीण दारुडी होत नाही, हे मलाही कळतं. मुद्दा एवढाच की नशा आणि औषध यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी जाड कधीच नव्हती. पुरुषाच्या हातात ती बाटली असते, बाईच्या हातात काढा असतो आणि लेकराच्या जिभेवर गुटी.

१ एप्रिल १९५९ पासून देशात अफूची अशी उघड विक्री बंद झाली. म्हणजे धाकट्या आजीच्या लेकराला चाटवली ती अफू त्या बुढीने परवान्याच्या दुकानातूनच आणलेली असणार.

तंबाखूबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तो विषय अजून चालू आहे. आमच्या भागात शेतात निंदायला जाणाऱ्या बायकांच्या कमरेला तंबाखू-चुन्याची डबी असतेच. देशावर मिश्री, पूर्व विदर्भात खर्रा. "पोटात आग पडली का तंबाखूनं मरते," असं आमच्याकडे कामाला येणारी बाई सांगायची. ती भुकेबद्दल बोलत होती. बीडीला बाई हात लावत नाही म्हणून ती व्यसनी नाही, असं आपण धरून चालतो. २००४ साली प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरात सतराजणी मिश्री-तंबाखू वापरत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि त्या सरासरी सहा दिवस आधी बाळंत झाल्या. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण आधीच सव्वादोन किलोच्या काठावर असलेल्या बाळाला विचारा.

आता मूळ गोष्ट. धाकट्या आजीला झालं ते काय?

१८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या तरुण डॉक्टरने गरोदर बायका, बाळंतिणी आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या वेडाबद्दल अख्खा ग्रंथ लिहिला. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरा दिवसांत अचानक झोप उडणं, भ्रम होणं, बाळ आपलं नाही असं वाटणं, एका घटकेला हसणं आणि दुसऱ्या घटकेला घाबरणं. आज याला बाळंतपणानंतरचा सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. नाही झाले तर आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. आत्याने नऊ वर्षांच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते मार्सेच्या वर्णनाशी इतकं जुळतं की वाचताना अंगावर काटा आला. विजेच्या झटक्यांचा उपचार १९३८ साली निघाला होता, क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ साली वापरात आलं होतं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासून उभं आहे आणि मूर्तिजापूरहून नागपूरला थेट गाडी होती. पण पागलखान्यात सून पाठवायची? घरात कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी बोलता आलं नसतं.

न बोलण्याचा हा वारसा जुना आहे, आणि तो मोडणारी बाईही आमच्या वऱ्हाडातलीच आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. ज्याने तिला या वाटेवर आणलं तो पुरुष कुठे आहे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याआधी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. बाई मूल मारते तेव्हा तिला उपदेशापेक्षा आधी चार भिंतींचा आसरा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

कायद्याला हे कळायला वेळ लागला. इंग्लंडने १९२२ साली वेगळा कायदा करून मान्य केलं की बाळंतपणाने मनाचा तोल गेलेल्या आईला खुनी म्हणून फासावर चढवायचं नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा झाला नाही. १८६० च्या दंडसंहितेचं वेडसरपणाचं ८४ वं कलम होतं, तेच १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २२ वं कलम म्हणून आलं. जीव देण्याचा प्रयत्न हा तर कितीतरी वर्षं गुन्हाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणात होता असं धरून चालायचं आणि त्याला मदत करायची. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे वाचून मला बरं वाटलं. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तोडायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे.

सायकोसिस दुर्मिळ. पण त्याहून शांत, त्याहून कितीतरी जास्त घरांत असणारा आजार म्हणजे बाळंतपणानंतरची उदासी. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या बायकांत शंभरात तेवीसजणींना डिप्रेशन होतं. म्हणजे जवळजवळ चौथी बाई! त्यातल्या शंभरात अठ्ठ्याहत्तरजणींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता. आणि कारणं? गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. दुसरी मुलगी.

याच गोव्यात पुढे एक साधा प्रयोग झाला. गावातल्याच अनुभवी आयांना थोडं शिकवून 'सखी' म्हणून गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. डॉक्टर नाही, गोळी नाही. बसायचं, ऐकायचं, घरच्यांशी बोलायचं. २८० बायकांच्या त्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. सखी आलेल्या जास्त बायका बऱ्या झाल्या. आपल्या सव्वा महिन्याच्या रीतीत हे होतंच की, असं कोणी म्हणेल. तेल लावणारी बाई, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, माहेरचं माणूस. खरं आहे. सव्वा महिना बाईला कामाला लावायचं नाही ही फार शहाणी रीत आहे. पण अंग शेकणाऱ्या बाईला "मन कसं आहे" विचारायची रीत मात्र आपण घातली नाही. आणि माहेरी जायला मिळालं नाही की ती रीत उंबऱ्यातच संपते.

ते दहा प्रश्न १९८७ साली एडिंबरोमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तयार केले. दहा मिनिटंही लागत नाहीत. १९५७ साली ते नव्हते. पण "तुले झोप काहून येत नाई?" हा एक प्रश्न मराठीत तेव्हाही विचारता येत होता.

आता शेवटचं, ज्यासाठी इतके दिवस थांबलो होतो. अफू चाटवलेलं ते लेकरू जगलं. ती म्हणजे आमची दारव्ह्याची काकू. तिला लहानपणापासून सांगितलं गेलं की तुझी आई तुझेच कपडे धुवायला पाणी काढत होती, तेव्हा पाय घसरला. अडुसष्ट वर्षं ती बाई स्वतःला त्याचा थोडा दोष देत आली, हे कोणाला माहीत नव्हतं. हे इथे लिहिण्याआधी मी आणि आत्या दारव्ह्याला गेलो. आत्याने सगळं सांगितलं, मी आजाराबद्दल वाचलेलं सांगितलं. काकू बराच वेळ काही बोलली नाही. चहा केला. मग म्हणाली, "म्हंजे तिले मी नोको होती, असं नोतं तर."

"नाई व माय," आत्या म्हणाली. "ती तं तुलेच शोधत होती. माह्यं लेकरू कुठं नेलं म्हने."

तिथे जे झालं ते लिहीत नाही.

काकूचीही परवानगी आहे. उलट तिनेच सांगितलं की घरातल्या सगळ्या सुनांना आणि लेकींना हे वाचायला लाव, आणि पोरांना आधी लाव. म्हणून पोरांनो, तुमच्यासाठी. बायको बाळंत झाल्यावर ती झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, बाळाला किंवा स्वतःला काही करेल असं वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अंगारा नको, धुरी नको, 'होईल ठीक' नको. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि बारशाच्या दिवशी गोठ्यात बसायचं नाही. दापुऱ्याच्या डेबूला सव्वाशे वर्षांपूर्वी जमलं ते आपल्यालाही जमेल.

विहीर आता बुजवली आहे, वर पपईची झाडं आहेत. पुढच्या महिन्यात काकू मूर्तिजापूरला येणार आहे. धाकट्या आजीचा फोटो नाही, पण तिच्या माहेरी एक जुना लग्नातला ग्रुप फोटो आहे म्हणतात. त्यात ती कुठली, ते आत्या ओळखेल.

असो. भाची बरी आहे. तिने दहाही प्रश्नांची उत्तरं खरी लिहिली, आणि दोन उत्तरांबद्दल डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा बोलावलंय. या वेळी तिच्यासोबत नवरा जाणार आहे.